भाई पाटावर बसले ती अखजी

त्या अखजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, घरात होतो ते हे: मी, माहा लेक, माही सून, माहे भासरे म्हंजे नवऱ्याचे मोठे भाऊ, न् भाई. भाई म्हंजे माह्या नवऱ्याचे दोस्त, मुसलमान, दर्ग्यापाशी गुलाब इकनारे. एवढेच पाच. ज्यांच्यासाठी जमलो होतो ते नव्हते. त्यायले जाऊन साल बी भरलं नव्हतं.

नावं मी घेत नाई. माही नात हे लिहून घेऊन रायली. ती तेव्हा शिकाले बाहीर होती, म्हनून तिले सांगून रायली. ती म्हने, "आजी, नावं टाकू का?" मी म्हटलं, नको. नवऱ्याचं नाव जलमात तोंडातून काढलं नाई, मंग बाकीच्यायचं काहून काढू?

मी दुसरीपर्यंत शिकली. माहेर दर्यापूरकडचं, खाऱ्या पान्याचं गाव. इहिरीचं पानी एवढं खारं का भाजीत मीठ टाकताना आपोआप हात आखडते. तोच आखडलेला हात घेऊन मी लग्न होऊन अमरावतीले आली. इथलं पानी गोड, पन हात काही सुधरला नाई. माह्या हातची भाजी कायमची अळनी. नवरा जेवाले बसला का पयला घास घ्याच्या आधीच म्हने, "मीठ देजो व." चाखून पायलं नाई, काही नाई. रोजचंच.

आमचं घर फुलवाल्यायचं. पहाटं लिलावातून झेंडू आनाचा, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवाचा. मी हार गुंफू, ते देवीच्या देवळापाशी गाडी लावत. भाई त्याच लिलावात गुलाब घेत. दुपारी दोघं एका लिंबाच्या झाडाखाली डबे उघडत, जवानीपासून. गुलाबाच्या चादरी बी मीच गुंफत होती, त्याच सुईनं. हार देवीले जाये, चादर पीराले जाये, न् मी दोघायले बी मानत नव्हती.

हे म्हटलं का लोकं लगेच इचारतात, "काहून? काय झालं होतं?" त्यायले वाटते बाईवर काहीतरी पडलं असन न् बाई देवावर रुसली असन. तसं काही नाई. देवळामागचे वाहिलेले हार पोत्यात भरून नेऊन टाकाचं काम बी आमच्याकडंच होतं. एक बाई लेक होऊ दे म्हनून हार नेये. तिचीच जाऊ, तिले होऊ नये म्हनून नेये. मले दोघी बी सांगत, हारवालीले कोन लाजते. दुसऱ्या दिवशी मी दोघीचे हार एकाच पोत्यात कोंबू. सडाले लागलेली फुलं आतून कोमट असतात, जनावराच्या पोटासारखी. असं लय वर्सं केलं. एक दिवस हात पोत्यात होता न् मले समजलं का आपन कोनाशीच बोलून नाई रायलो. रडू आलं नाई. पोतं बांधलं, घरी आली, सैपाक केला.

पोरगी त्याच्या मंग गेली. पयली पोरगी, तापानं. दवाखान्यात नेली, औषध केलं, तरी गेली. सासू म्हने, "तुह्या तोंडानं गेली."  दुसऱ्या दिवशी मी हाराले बसली, फुलं काही थांबत नाईत. लोकं आधीचं मंग लावतात न् मंगचं आधी. पोरगी गेली म्हनून देव गेला नाई. तो आधीच गेला होता. पोरीच्या येळेस बोल लावाले बी मले कोनी उरलं नव्हतं. त्या दिवसात घरातलं माठाचं पानी बी मले मोठ्यानं आयकू येये.

नवरा पक्का मानत होता. गाडीवर दिवा लावल्याशिवाय पयला हार इकत नव्हता. मी त्यायले लपवून ठेवलं नाई. म्हटलं, "मले हे काही वाटत नाई आता. मी हात जोडनार नाई." त्यायनं दिव्याची वात नीट केली. मंग म्हने, "तेल भरजो मंग. वात मी लावतो." तेव्हापासून मी तेल भरलं, त्यायनं वात लावली. त्याच्यावरून आमचं भांडन कधी झालं नाई. दुसऱ्या गोष्टीवरून लय झालं.

लोकायचं मात्र चाले. एक बाई गाडीपाशी येऊन म्हने, "तुमची बाई देव मानत नाई म्हनतात. हार पवित्र हाये ना?"

मी म्हटलं, "हात धुतलेले हायेत."

नवरा म्हने, "हार तिचा घ्या, भक्ती तुमची टाका. तिच्या हाराचं सूत तुटत नाई, एवढं मी सांगतो."

बाईनं हार घेतला. भाई तिकडून हासले. म्हने, "भाभी, तुमी दोन्हीकडून नरकात. आमच्याकडच्या बी न् यांच्याकडच्या बी."

"बरं हाये," मी म्हटलं. "तुमी दोघं तिथी भेटसानच."

हाराचं माप आमच्याकडं नवऱ्याच्या हाताचं होतं. ते बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत हात लांब करत, मी त्याच्यावर हार धरून गाठ मारू. ते अंथरुनाले लागल्यावर बी मी मोजाले हात मांगू. सुनंनं टेप आनून देल्ली, पन टेपनं माहं जमलं नाई.

श्वासाचा त्रास होता त्यायले. भासरे अकोल्याले राहतात, म्हनून तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. एक दुपारी मी जवळ बसली होती. बोलाले दम लागे, तरी म्हने, "अखजीले माह्या जागी भाईले बसवजो."

आमच्याकडं अखजीले गेलेल्या मानसाची घागर भरतात, न् त्याच्या जागी एक मानूस जेवाले बसवतात. त्याले पितर म्हनतात. पाट टाकाचा, त्याच्या हातावर पानी सोडाचं, गेलेल्याचं नाव घेऊन "जेवा" म्हनाचं. तो जेवला का गेलेला जेवला, असं. तो मानूस जातीतला, सोयऱ्यातला पायजे.

मी म्हटलं, "मी मानत नाई, तुमाले माईत हाये. न् भाईले कसं बसवतील?"

"तू नको मानू. बसव फक्त. दुसऱ्या कोनाले नाई."

"काहून पन?"

"अनोळखी मानसाच्या तोंडानं मले जेवाचं नाई. त्याले माईत हाये मी कसा जेवतो."

मी हो म्हटलं. मेलेल्या मानसाले भूक नसते हे मले तेव्हा बी ठाऊक होतं, आता बी हाये. पन हो म्हटलं होतं जित्या मानसाले.

ते गेल्यावर घरात त्यायच्या खुना रायल्या नाईत असं नाई, पन मी भुताखेताची बाई नोहो. तरी एक गोष्ट होये. मी हार गुंफू, माप घ्याले काही नसे, तरी बोटं एका जागी थांबत. सून टेप लावून पाये. बरोब्बर त्यायचा हात भरे. ती माह्या तोंडाकडं पाये. मी गाठ मारून पुढचा हार घेऊ. पहाटं ओलं पोतं झटकल्याचा आवाज येये. मी उठून पाऊ तं पोतं कोरडं, खुटीवर. मले भेव वाटत नव्हतं. मानत असती तं वाटलं असतं, का बरं बी वाटलं असतं. मी नुसती ऐकत बसू.

उन्हाळा लागला तसे भासरे फोन करत. "यंदा भावाची पयली अखजी. पितर मी ठरवतो. आपला बामन बी सांगून ठेवतो."

मी सांगितलं त्यायनं कोनाले बसवाले सांगितलं होतं ते.

फोनवर भासऱ्यायचा आवाज चढला. मंग म्हने, "देव नाई म्हनतं, न् पितर कोन बसवाचा हे तू सांगतं? तुले अधिकार काय?"

"अधिकार नाई, भाऊजी. मी हो म्हटलं होतं."

लेक माह्यासमोर येऊन बसला. त्याचं आता दुकान हाये, दोन देवळायले रोज हार जातात. तो आवाज चढवत नाई. म्हने, "आई, आजकाल लोकं हे बी इचारतात का गुलाब कोनाकडून घेता. बाबाच्या जागी भाईचाचा बसले हे गल्लीत गेलं तं माहे हार बंद होतील. तू मानत नाई तं मंग तुले काय फरक पडते कोन बसते त्याचा?"

खरंच होतं त्याचं. मले काय फरक पडत होता? मी त्याच्यावर लय इचार केला. मानत असती तं सोपं होतं. देवाले म्हटलं असतं, माफ कर, नाई जमलं. मले तं कोनी माफ कराले नव्हतं. हो म्हटलेलं माह्यापाशीच पडून होतं.

मी ऑटो करून भाईच्या घरी गेली. ते लय वाळले होते. दोघं संग खात होते, एकटे पडल्यावर यायचं खानं सुटलं होतं. मी सांगितलं. ते रडले, रुमालानं डोळे पुसले, न् म्हने, "भाभी, मले नाई जमनार."

"काहून?"

"मी अल्लाशिवाय दुसऱ्याच्या नावानं वाहिलेलं खात नाई. त्याच्यासाठी जान मांगा, देतो. पन पितराच्या नावाचं ताट मी नाई जेवू शकत. त्याले बी हे माईत होतं. काय म्हनून सांगून गेला?"

म्हंजे इकडूनही दार लागलं होतं न् तिकडूनही. त्यायच्या सुनंनं चाय आनला. मी चाय पेली. बशीत पाहत बसली. मंग मले वाटलं ते मी बोलली.

"भाई, सैपाक कोन करनार? मी. मी कोनाले काही वाहते का? माह्या हातचं रांधलेलं आजवर कोनाच्याच नावाचं नव्हतं. ते नुसतं जेवन असते. पानी सोडनार नाई, मंतर नाई. पाटावर बसाचं न् जेवाचं."

ते म्हने, "सच?"

"मी कधी खोटं बोलली का?"

"नाई," ते म्हने, न् त्या दिवसातलं पयल्यांदा हासले. "तुमी तं देवाशी बी खोटं नाई बोलल्या, भाभी."

सून देवाधर्माची हाये, सोमवार करते, चतुर्थी करते. मले वाटलं ती नवऱ्याकडून बोलन. ती म्हने, "आई, भांडे येगळे करू. अकोल्याचे मोठे बाबा इकडं त्यायचा निवद दाखवतील, ते येगळं रांधू. चाचाचं तुमी रांधा. कोनाचं कोनात जानार नाई." लेक म्हने, "न् लोकं?" ती म्हने, "बाबाचे दोस्त जेवाले आले, असं म्हना. खोटं हाये का?"

अखजीच्या दिवशी ऊन असं का छपराचे कवेलू तडकत होते. भासरे सकाळच्या बसनं अकोल्याहून आले. बामन आनला नाई.  अंगनाकडच्या दारात त्यायनं नवी घागर मांडली, वर डांगर म्हंजे खरबूज ठेवलं, गोवरीचा इंगळ केला न् भावाच्या नावानं तूप सोडलं. त्यायची पाठ आमच्याकडं. निघून जातील असं वाटलं होतं. पन भावाची पयली अखजी सोडून कुठी जातील?

मी आतल्या खोलीत पाट टाकला. त्यायचाच पाट, एक पाय आखूड, खाली चिंधी घालाची लागते. भाई आले, धुतलेला पायजमा, टोपी खिशात. पाट पाहून दारातच थांबले. मी म्हटलं, "बसा." ते बसले. मी ताट वाढलं: पोळी, आंब्याचा रस, कुरडई, भात, चिचोनी म्हंजे चिचेचं सार, भाजी, लोनचं. सुनंनं मीठ वाढलं, ताटात, डाव्या बाजूनं. मी सोता पायलं. हात धुवाले पानी देल्लं, नुसतं हात धुवाले.

दारातून भासरे म्हने, तोंड तिकडंच ठेवून, "निदान नाव तं घे. नाव नाई घेतलं तं तो येनार नाई."

देव नाई म्हनाले माही जीभ कधी अडली नाई. पन नवऱ्याचं नाव मले घेता आलं नाई. ते धर्माचं नव्हतं, सवयीचं होतं. मी म्हटलं, "जेवा, भाई."

भाईनं ताटाकडं पायलं. अजून घास तोडला नव्हता. डोळे खाली, हात पोळीवर. न् म्हने,

"मीठ देजो व."

भाईनं मले जलमात "व" म्हटलं नाई. भाभी म्हनत, अहो-जाहो करत. आवाज त्यायचाच होता, पन बोलनं नव्हतं त्यायचं. लेक भिताडाले टेकून उभा होता, तो खाली बसला. सून माह्याकडं पाये. दारात भासऱ्यायच्या हातातला चमचा इंगळावर पडला न् ते म्हने, "आला. आला तो." न् लहान लेकरासारखे रडले.

मीठ ताटात होतंच. मी आत गेली, बरनी आनली, चिमूटभर मीठ त्याच्याच बाजूले टाकलं.

भाई जेवले. भाताले खड्डा करून त्याच्यात चिचोनी ओतली. कुरडई ताटाच्या काठावर मोडली. रसाचा शेवटचा घोट वाटीत ठेवला न् वाटी माह्याकडं सरकवली, कारन मी सगळ्यायच्या मागून जेवते न् मले रस उरत नाई, हे आमच्या घरात एकाच मानसाले माईत होतं. तिथी बसून मी मानसाकडं पायलंच नाई, हातच पायला.

निघताना मी दारापर्यंत गेली. इचाराचं होतं. तुमी जानूनबुजून म्हटलं का? एवढे सालं डबा संग खाल्ला, तोंडात बसलं असन, म्हनून आलं का? का आपसूकच निघालं? भाईनं टोपी घातली, चपलीत पाय घातले. म्हने, "भाभी, निघतो." मी म्हटलं, "या."

भासरे जाताना माह्या लेकाले म्हने, "पुढच्या साली बी त्यालेच बसवा." लेकाचे हार एका देवळाचे बंद झाले. एकाचे चालू रायले. त्यानं मले त्याच्याबद्दल कधी टोमना मारला नाई, पन तो देवळाचा रस्ता सोडून दुसरीकडून जाये, ते मले दिसे.

भाई मंग दर अखजीले येत. मी तसंच वाढू. मीठ ताटात. ते जेवत, घोटभर रस ठेवत, पन ते बोलनं पुन्हा कधी बोलले नाईत. मी मात्र दर साली वाढून झालं का त्यायच्या समोर उभी राऊ, सैपाकघरात गेली न् ते बोलनं हुकलं असं होऊ नये म्हनून. पोळी तोडेपर्यंत उभी राऊ. काही मानत नाई मी. तरी उभी राऊ. आनखी काय सांगू?

औंदाच्या थंडीत भाई गेले. बायका कब्रस्तानात जात नाईत. मी घरी बसून गुलाबाची चादर गुंफली न् लेकाच्या हाती पाठवली. बोटं जिथी थांबाची तिथीच थांबली. चादर मोठी लागते म्हनून मी जबरदस्तीनं पुढं गुंफली.

आता अखजी येऊन रायली. भासऱ्यायचा फोन आला होता. म्हातारे झाले, ऐकू कमी येते. म्हने, "यंदा कोनाले बसवाचं, तूच सांग." लेक बी तेच म्हने. मी सांगितलं, "कोनाले नाई. त्यायनं सांगितलं होतं, दुसऱ्या कोनाले नाई. हो मी तेवढ्यालेच म्हटलं होतं." पाट भिताडाले उभा करून ठेवला हाये. सून त्याच्यावरची धूळ पुसते. मी पुसत नाई न् तिले पुसू नको बी म्हनत नाई.

पहाटं पोतं झटकल्याचा आवाज अजून येते. आता कधी कधी दोन आवाज येतात. मी कोनाले सांगितलं नव्हतं. नातीनं लिहून घेतलं, तिले आज कळलं.

मी गेल्यावर माही घागर भरू नका न् माह्या जागी कोनाले बसवू नका, हे घरच्यायले सांगून झालं. तुमी जे कोनी हे वाचून रायले, तुमाले एकच सांगनं हाये. तुमच्या घरी कोनी जेवाले बसलं, कोनत्याही धर्माचं असो, काही मानत असो नसो, न् त्यानं ताटात मीठ असून मीठ मांगलं, तं त्याले काही इचारू नका. उठा न् देऊन टाका.